वेदरबीची बस आणि व्हीलचेअरची जागा

इंग्लंडच्या यॉर्कशर भागात वेदरबी नावाचं छोटं गाव आहे. तिथून लीड्स शहराला बस जाते. २४ फेब्रुवारी २०१२ रोजी डग पॉली यांना ती बस पकडायची होती. पॉली व्हीलचेअर वापरतात. लीड्सहून पुढे रेल्वेने स्टेलीब्रिजला जाऊन आईवडिलांना भेटायचं, असा त्यांचा बेत होता.

बस आली. तिच्यात व्हीलचेअर चढेल अशी सोय होती. आत व्हीलचेअरसाठी आखून ठेवलेली जागा होती, तिथे चिन्ह होतं आणि 'व्हीलचेअरच्या प्रवाशाला लागल्यास कृपया ही जागा सोडा' अशा अर्थाची पाटीही होती. त्या जागेत एक आई बाबागाडी घेऊन उभी होती आणि गाडीत मूल झोपलेलं होतं. चालकाने तिला बाबागाडी मिटवून जागा करून द्यायला सांगितलं. गाडी मिटत नाही, असं म्हणून ती हलायला तयार झाली नाही. तेव्हा पॉलींनीच विचारलं, मी माझी व्हीलचेअर मिटवून साध्या आसनावर बसलो तर चालेल का? चालक नाही म्हणाला. रस्ता वळणावळणाचा होता आणि मिटवलेली खुर्ची बांधून ठेवायची सोय बसमध्ये नव्हती. पॉली मागे राहिले. पुढची बस वीस मिनिटांनी आली. लीड्सहून सुटणारी रेल्वे चुकली आणि स्टेलीब्रिजला पोहोचायला त्यांना तासभर उशीर झाला.

एक तास उशीर! मुंबईत किंवा पुण्यात व्हीलचेअरवरच्या माणसाला ही तक्रार ऐकवली तर तो म्हणेल, 'आम्हाला बसपर्यंत तरी पोहोचू द्या.' त्याचं म्हणणं खरं आहे. तरीही मला हे प्रकरण तपशिलात मांडावंसं वाटतं, कारण इथे सगळं जागच्या जागी होतं. खालच्या फरशीची (लो-फ्लोअर) बस होती, जागा होती, पाटी होती, विनंती करणारा चालकही होता. आपल्याकडे ज्या गोष्टींसाठी अजून अर्ज, मोर्चे आणि याचिका चालू आहेत त्या सगळ्या असूनही माणूस फुटपाथवरच राहिला. म्हणजे या सोयींच्या पलीकडे आणखी काहीतरी लागतं. ते काय, हे ठरवायला ब्रिटनच्या तीन न्यायालयांना जवळजवळ पाच वर्षं लागली.

जागा कुणामुळे आली

ती जागा बसमध्ये आपोआप उगवलेली नाही. नव्वदच्या दशकात ब्रिटनमधल्या अपंग कार्यकर्त्यांनी रस्ते अडवले, स्वतःला हातकड्यांनी बसला अडकवून घेतलं. १९९५ मध्ये अपंगांविरुद्धच्या भेदभावाचा कायदा झाला आणि त्याच्या आधाराने २००० मध्ये बसगाड्यांच्या सुगम्यतेचे, म्हणजे अपंगांनाही त्या सहज वापरता याव्यात यासाठीचे, नियम आले. नियमांत मोजमापासकट लिहिलं गेलं की ठरावीक वर्गातल्या प्रत्येक बसमध्ये किमान एक व्हीलचेअरची जागा हवी, १३०० मिलिमीटर लांब आणि ७५० मिलिमीटर रुंद. नव्या गाड्यांना हे आधी लागू झालं. जुन्या एकमजली गाड्यांसाठी २०१६ च्या आणि दुमजलींसाठी २०१७ च्या सुरुवातीची मुदत होती.

या बदलाचा फायदा आणखी एका गटाला झाला. पूर्वी पायऱ्यांच्या बसमध्ये चढताना आईला एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात मिटवलेली बाबागाडी घ्यावी लागे. फरशी खाली आली, दारापाशी मोकळी जागा झाली, तशा बाबागाड्या न मिटवता आत येऊ लागल्या. हे चांगलंच झालं. अपंगांसाठी केलेली सोय म्हाताऱ्यांना, गरोदर बायकांना, सामान असलेल्यांना अशी सगळ्यांनाच उपयोगी पडते, हे आपण नेहमी सांगतो आणि ते खरंही आहे. पण त्याची पुढची बाजू कमी बोलली जाते. सोय सगळ्यांना आवडू लागली आणि ती एकुलती एकच राहिली, तर ज्याच्यासाठी ती झाली तोच रांगेत मागे पडतो. बाबागाडीवाल्या आईला गैरसोय सोसून का होईना, दुसरा मार्ग असतो. व्हीलचेअरला बसमध्ये दुसरी जागाच नसते.

त्या आईला खलनायिका करण्यात मला रस नाही. झोपलेल्या मुलाला उठवणं काय असतं हे आईबापांना सांगायला नको. दोन गरजू माणसांना एका चौकोनापाशी आणून उभं केलं गेलं होतं, आणि निवाडा त्यांचा त्यांनीच करावा असं कंपनीचं धोरण होतं. खरा दोष तिथे आहे.

हे धोरण छापील होतं. बस चालवणारी कंपनी फर्स्टग्रुप या समूहातली होती. तिच्या पत्रकात म्हटलं होतं की व्हीलचेअरसाठी इतर प्रवाशांना सरकायला सांगितलं जाईल, पण कुणी सरकायला नकार दिला तर तुम्हाला पुढच्या बसची वाट पाहावी लागेल. म्हणजे नकार देणाऱ्याला काहीच भोगावं लागत नव्हतं आणि ज्याला नकार मिळाला त्याने थांबायचं होतं. चालकाने त्या दिवशी धोरण मोडलं नाही. त्याने ते अक्षरशः पाळलं.

तीन न्यायालयं

पॉलींनी लीड्सच्या काउंटी न्यायालयात दावा लावला. आधार होता २०१० चा समता कायदा. अपंग व्यक्तीला सेवा घेताना मोठी अडचण येत असेल तर सेवा देणाऱ्याने वाजवी फेरबदल केलेच पाहिजेत, असं बंधन हा कायदा घालतो. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही याच्याशी नातं सांगणारी तरतूद आहे. २०१३ मध्ये निकाल पॉलींच्या बाजूने लागला. नुसती विनंती पुरेशी नाही, जागा सोडणं ही अट असली पाहिजे, वेळ पडली तर अट न पाळणाऱ्याला बसमधून उतरवलंही पाहिजे, असा त्या निकालाचा रोख होता. पॉलींना साडेपाच हजार पौंड भरपाई मिळाली.

कंपनी अपिलात गेली. डिसेंबर २०१४ मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला. व्हीलचेअरची गरज महत्त्वाची आहे, पण तिच्यापुढे इतर सगळे विचार आपोआप गौण ठरतात असं नाही, असं न्यायमूर्ती लुईसन यांचं म्हणणं पडलं. ज्याने तिकीट काढलं आहे आणि ज्याच्यावर जागा सोडण्याचं कायदेशीर बंधन नाही, त्याला चालकाने कुठल्या अधिकारात उतरवायचं? बदल हवा असेल तर तो संसदेने करावा.

हा युक्तिवाद वरवर रास्त वाटतो. मला तो पटत नाही. विनातिकीट माणसाला, धूम्रपान करणाऱ्याला, दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्याला चालक काय म्हणतो? 'कृपया' म्हणून तो थांबत नाही. तिथे बस थांबते, पोलिसांना बोलावलं जातं, बाकीचे प्रवासीही चालकाची बाजू घेतात. अशा वेळी वाद होईल, वेळ जाईल, चालकावर ताण येईल, ही कारणं कुणी पुढे करत नाही. व्हीलचेअरचा प्रश्न आला की तीच कारणं एकदम वजनदार होतात. अधिकार नाही हे उत्तर खरं असलं, तरी तो कधी मागितला गेला नाही हेही तितकंच खरं आहे.

पॉली सर्वोच्च न्यायालयात गेले. ब्रिटनचा समता आणि मानवी हक्क आयोग त्यांच्या पाठीशी होता. सात न्यायमूर्तींनी जून २०१६ मध्ये सुनावणी घेतली आणि १८ जानेवारी २०१७ रोजी निकाल दिला. अपील मंजूर झालं, पण मर्यादित प्रमाणात.

प्रमुख निकाल लॉर्ड न्यूबर्गर यांचा. त्याचे दोन भाग आहेत आणि ते वेगवेगळे वाचायला हवेत. कंपनीने 'काहीही झालं तरी जागा सोडलीच पाहिजे, नाहीतर खाली उतरा' असा सरसकट नियम करावा, ही अपेक्षा न्यायालयाने मान्य केली नाही. कारण त्या जागेत उभ्या असलेल्या माणसालाही कधी सबळ कारण असू शकतं. पण चालकाने एकदा विचारायचं आणि नकार आला की हात झटकायचे, हेही न्यायालयाने बेकायदा ठरवलं. नकार अवाजवी आहे असं चालकाला वाटलं तर त्याने पुढचं पाऊल उचलण्याचा विचार केलाच पाहिजे. विनंतीची भाषा बदलून 'तुम्हाला जागा सोडावी लागेल' असं सांगता येईल. बसमध्ये दुसरीकडे सरकायला जागा असेल तर विशेषच. तरीही कुणी ढिम्म राहिलं तर काही मिनिटं बस पुढे न नेता उभी ठेवता येईल.

बस उभी ठेवणं या एका उपायावर मी बराच विचार केला आहे. त्यात कुणाला हात लावायचा नाही, दंड नाही, पोलीस नाहीत. फक्त जो खोळंबा आतापर्यंत एकटा व्हीलचेअरवाला सोसत होता तो थोडा वेळ सगळ्या बसमध्ये वाटला जातो. मग मागच्या बाकावरचा माणूस खिडकीबाहेर बघत बसू शकत नाही. तो म्हणतो, 'अहो, द्या ना जागा.' सहप्रवाशांचा दबाव नेहमी हक्क मागणाऱ्याच्या विरुद्ध काम करतो, कारण उशीर त्याच्यामुळे होतोय असं दिसतं. न्यायालयाने सुचवलेल्या मार्गाने तो दबाव योग्य माणसाकडे वळतो.

आणखी एक तपशील वकिलांखेरीज फारसा कुणी लक्षात घेत नाही, पण तो फार मोलाचा आहे. ब्रिटनमध्ये बसचालक, वाहक आणि प्रवासी यांच्या वर्तनाचे १९९० चे नियम आहेत. व्हीलचेअरची जागा रिकामी असेल तर चालकाने त्या प्रवाशाला घेतलंच पाहिजे, असं नंतर त्यांत घातलं गेलं. आणि 'भरलेली जागा' कशाला म्हणायचं हेही तिथे सांगितलं आहे. तिथे दुसरी व्हीलचेअर असेल, किंवा तिथल्या प्रवाशांना अथवा त्यांच्या सामानाला बसमध्ये दुसरीकडे सहज आणि वाजवीपणे हलता येत नसेल, तरच ती भरलेली. जी वस्तू किंवा जो माणूस हलू शकतो त्याने ती भरत नाही. आपल्याकडे राखीव आसनाच्या एकाही पाटीमागे असा विचार मला दिसलेला नाही.

भरपाईचा प्रश्न

तत्त्व जिंकलं, पण पॉलींना भरपाई मिळाली नाही. चार विरुद्ध तीन अशा मतांनी ती नाकारली गेली. बहुमताचं म्हणणं असं की चालकाने थोडा आणखी जोर लावला असता तर ती प्रवासी हलली असती का, याबद्दल खालच्या न्यायालयाने काही ठरवलेलंच नाही, मग नुकसान त्या चुकीमुळेच झालं असं कसं म्हणायचं? लेडी हेल, लॉर्ड केर आणि लॉर्ड क्लार्क यांना ती भरपाई कायम ठेवायची होती.

मी या तिघांच्या बाजूचा आहे. जे पाऊल उचललंच गेलं नाही त्याचा परिणाम काय झाला असता याचा पुरावा फुटपाथवर मागे राहिलेल्या माणसाने कुठून आणायचा? अशा प्रत्येक प्रकरणात कंपनी हेच म्हणेल की सांगूनही ऐकलं नसतं. रक्कम मोठी नव्हती. पण ती उभी राहिली असती तर देशभरच्या बस कंपन्यांच्या हिशेबनिसांनी त्या आठवड्यात चालकांच्या प्रशिक्षणाची चौकशी केली असती.

तरीही निकाल कामाचा ठरला. नकार आला की पुढच्या बसची वाट पाहा, हे धोरण यापुढे कायद्यात बसणार नव्हतं. जबाबदारी दोन प्रवाशांमधून उचलून ज्याची बस आहे त्याच्याकडे गेली. लंडनच्या बसमध्ये तर चालकाने बटण दाबलं की व्हीलचेअरची जागा हवी आहे, कृपया मोकळी करा, अशी ध्वनिमुद्रित घोषणा होते. साधी युक्ती आहे, पण चालकाला मान वळवून कुणाशी हुज्जत घालावी लागत नाही, आणि ही मागणी एका माणसाची नसून सेवेची आहे हे सगळ्यांना ऐकू जातं.

आपला दिव्यांग डबा

मुंबई लोकलच्या प्रवाशांना या प्रकरणातला पेच नवा वाटणार नाही. तिथे दिव्यांगांसाठी स्वतंत्र डबा आहे, गरोदर महिला आणि कर्करुग्णांनाही त्यात मुभा आहे. फलाटावर डबा जिथे थांबतो तिथे व्हीलचेअरचं चिन्ह असतं. अनेक फलाटांवर अंधांना ती जागा सापडावी म्हणून सतत टीं-टीं वाजणारं यंत्रही असतं. कायदा इंग्लंडपेक्षा कडक आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १५५ खाली या डब्यात घुसलेल्या धडधाकट प्रवाशाला बाहेर काढता येतं आणि दंडही होतो. म्हणजे वेदरबीच्या चालकाला जो अधिकार नव्हता तो इथे लिहून ठेवला आहे.

फक्त तो वापरायला डब्यात कुणी नाही. मोटरमन पुढे, ट्रेन मॅनेजर मागे. रेल्वे सुरक्षा दलाचे जवान मोहिमेच्या दिवशी फलाटावर दिसतात. गाडी स्टेशनात जेमतेम अर्धा मिनिट थांबते. संध्याकाळी दादरला किंवा कुर्ल्याला घुसलेल्या दहाजणांना 'हा अपंगांचा डबा आहे' हे सांगायचं काम कुबड्या घेतलेल्या प्रवाशावरच येतं. त्यावर उलटून विचारलं जातं, 'मग काय झालं? एकच स्टेशन जायचंय.' ज्याचं अपंगत्व दिसत नाही, म्हणजे कमी ऐकू येणाऱ्याचं किंवा मानसिक आजार असलेल्याचं, त्याच्यावर तर डब्यातले हक्काचे प्रवासीही संशय घेतात आणि कार्ड मागतात. तपासनीसाचं काम प्रवाशांवर ढकललं की असंच होणार.

आणि व्हीलचेअर? ती लोकलमध्ये स्वतःहून चढूच शकत नाही. फलाट आणि डब्यातली फट, उंचीतला फरक, दाराच्या मधोमध उभा खांब. दिव्यांग डबा हा प्रत्यक्षात जे चालू शकतात, काठीने, कुबडीने, कुणाच्या खांद्याला धरून, त्यांचा डबा आहे. याउलट वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली तेव्हा फलाट आणि गाडी एका पातळीत आली, लिफ्ट आल्या, डब्यात व्हीलचेअरची जागा आली. एकाच घाटकोपरला दोन स्थानकं शेजारीशेजारी आहेत. एकात माणूस स्वतःच्या बळावर चढतो, दुसऱ्यात त्याला उचलून घ्यावं लागतं. मेट्रोच्या लिफ्टपर्यंत नेणारा फुटपाथ मात्र दोघांसाठी सारखाच तुटका आहे.

सक्ती की शिफारस

वेदरबीचा मुद्दा आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर वेगळ्या रूपात आला. दृष्टिहीन असलेल्या राजीव रतुरी यांनी २००५ मध्ये सार्वजनिक इमारती, रस्ते आणि वाहतूक सुगम व्हावी म्हणून याचिका केली. डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने मुदती घालून निर्देश दिले. अंमलबजावणी पुरेशी झाली नाही. मग हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातल्या अपंगत्व अभ्यास केंद्राला पाहणी करायला सांगितलं गेलं. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने निकाल दिला. २०१६ च्या कायद्यात सुगम्यतेचे मानदंड बंधनकारक आहेत. पण सरकारने २०१७ मध्ये केलेल्या नियमावलीतला नियम १५ वाचला तर ते मानदंड निव्वळ मार्गदर्शक ठरतात. म्हणून नियम १५ मूळ कायद्याच्या विरोधात आहे असं ठरवून, किमान बंधनकारक नियम तीन महिन्यांत तयार करा, असा आदेश केंद्र सरकारला दिला गेला.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की साम्य डोळ्यांत भरतं. तिथे प्रवाशाला केलेली विनंती होती, इथे खात्यांना केलेली शिफारस. पाळली नाही तर काय, याचं उत्तर दोन्हीकडे एकच होतं: अपंग माणसाने थांबावं.

आपल्या परिवहन उपक्रमांनी यातून काय घ्यावं, हे मी अगदी व्यवहाराच्या पातळीवर सांगतो, कारण बेस्ट असो, पीएमपी असो की नागपूर-नाशिकची शहर बससेवा, खालच्या फरशीच्या विजेवरच्या बस आता येत आहेत आणि वेदरबीचा प्रसंग त्यांच्या थांब्यांवर घडणारच आहे. चालक-वाहकांना लेखी आदेश हवा. बस फुटपाथला चिकटून लावायची, नाहीतर रॅम्प रस्त्यावर तिरका पडतो आणि चढ कठीण होतो. रॅम्प उघडायचा कुणी, चालकाने की वाहकाने, हे नावानिशी ठरलेलं हवं. भाड्याच्या करारावर चालणाऱ्या, वाहक नसलेल्या बसमध्ये ते करारातच लिहिलेलं हवं. जागेत कुणी उभं असेल तर आधी सांगायचं, मग ठामपणे सांगायचं, मग बस थांबवायची. आणि थांबल्यामुळे फेरीला झालेला उशीर चालकाच्या नावावर लावायचा नाही. ही शेवटची गोष्ट आदेशात नसेल तर आधीच्या तिन्ही कागदावरच राहतील, कारण वेळापत्रकासाठी मेमो खाणारा चालक व्हीलचेअर दिसली की थांब्यापासून दूरच गाडी काढेल.

त्याबरोबर एक नोंदवहीही हवी. व्हीलचेअरवरच्या प्रवाशाला न घेता बस निघाली तर मार्ग, वेळ, थांबा आणि कारण डेपोत त्याच दिवशी लिहिलं गेलं पाहिजे आणि महिन्याला जाहीर झालं पाहिजे. पॉलींच्या प्रकरणात त्या सकाळचं सगळं आपल्याला माहीत आहे, कारण एका माणसाने पाच वर्षं खटला लढवला. आपल्या थांब्यांवर रोज कितीजण मागे राहतात, हे कळायला तरी कुणाला न्यायालयात जावं लागू नये.